काकांच्या बायबलमधल्या पिवळ्या चिठ्ठ्या

प्रार्थना संपली की सगळ्यांनी ‘आमेन’ म्हणायचं असतं. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. पुढचा थांबला की मागच्यांनी म्हणायचं आणि डोळे उघडायचे. आमचे घरमालक काका मात्र आमेन म्हणण्याआधी विचार करायचे. नाशिकला अंबडमधल्या आमच्या प्रार्थनेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं एका दमात आमेन म्हणून मोकळी व्हायची, पंख्यांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागायचा, लहान मुलं बिस्किटाचे पुडे फोडायची आणि मग दुसऱ्या रांगेतून, बऱ्याच उशिरानं, एक सावकाश आवाज यायचा, “आमेन.” कधीकधी तो यायचाच नाही. पास्टर एक डोळा किलकिला करून त्या दिशेला बघायचे. काका हाताची घडी घालून छताकडे बघत बसलेले असायचे.

मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “आमेन म्हणजे सही. माल न बघता मी उभ्या जन्मात सही केलेली नाही.”

काका अंबडच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले होते. इंदिरानगरला त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर मी भाडेकरू. मी मूळचा नगरकडचा, चार पिढ्यांचा ख्रिस्ती. चार पिढ्यांचा म्हणजे नाताळ, ईस्टर आणि लग्नकार्याला देवळात, म्हणजे चर्चमध्ये जाणारा, एरवी देवाला फारसा त्रास न देणारा. अंबडलाच नोकरी लागली म्हणून खोली बघायला गेलो, तेव्हा काकांनी मला ना पगार विचारला ना लग्नाचं. “रविवारी सकाळी काय करता?” एवढंच विचारलं.

“झोपतो,” मी म्हणालो.

“आता नाही झोपायचं.”

अशा रीतीनं मी काकांच्या संगतीत, म्हणजे त्या हॉलमधल्या मंडळीत दाखल झालो. मला ढोलकी वाजवता येते हे कळल्यावर तर सुटकाच नव्हती.

काकांच्या घरात चिठ्ठ्यांचं राज्य होतं. कारखान्यात बाहेरून आलेल्या मालाला तीन रंगांच्या चिठ्ठ्या लागतात. हिरवी म्हणजे माल पास, लाल म्हणजे परत पाठवा आणि पिवळी म्हणजे थांबा, चौकशी चालू आहे. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं होतं. काकांनी उरलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मागून घेतले. लोणच्याच्या बरणीला पिवळी चिठ्ठी असायची, मुरलं की हिरवी. मिक्सरला लाल. माझ्या मोरीच्या नळाला पिवळी चिठ्ठी होती आणि मी ते घर सोडेपर्यंत ती पिवळीच राहिली. “एक दिवस माझ्या कपाळाला लावतील,” काकू म्हणायच्या. त्या हे काकांसमोरच म्हणायच्या आणि काका त्यावर खरोखरच विचार केल्यासारखा चेहरा करायचे.

दुसरी सवय संध्याकाळच्या फेरीची. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सगळं जग एका दिशेनं फिरतं, काका उलट्या दिशेनं फिरायचे. “सरळ फिरलं की लोकांच्या पाठी दिसतात. उलटं फिरलं की तोंडं दिसतात.” आणि फिरताना ते मोठ्यानं बोलायचे. देवाशी. “हे बरोबर नाही बरं का,” असं ऐकू यायचं. “नाही, नाही, ते मला सांगू नकोस.” पूर्वीचा काळ असता तर लोकांनी वेडं ठरवलं असतं. पण आता कानात काहीतरी खुपसून सगळेच एकटे बोलतात, त्यामुळे काकांकडे कोणी वळूनही पाहत नसे.

हे देवाशी भांडणारे काका मला नंतर भेटले. मी राहायला गेलो तेव्हाचे काका भांडत नव्हते. तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

काका जन्मानं ख्रिस्ती नव्हते. पिंपळगाव बसवंतजवळच्या शेतकरी मराठा घरातले, थोरले चिरंजीव. तरुणपणी कसल्याशा मोठ्या दुखण्यातून उठले, ते एका प्रार्थनासभेत. तिथून त्यांनी जो ध्यास घेतला तो घेतलाच. घरी जाऊन आईला सांगितलं, हे देव्हाऱ्यातले देव काढ. आई म्हणाली, देव राहतील, तुला राहायचं नसेल तर बघ. काका नाशिकला आले. भांडणाचा शेवट इतका सरळ झाला की त्यात कोणी दार आपटलं नाही की कोणी शाप दिला नाही. ते दर महिन्याला आईला भेटायला जायचे. आई त्यांना आवडतं ते करून वाढायची आणि ते जेवता जेवता आईला तारणाचा, म्हणजे आत्मा वाचवण्याचा मार्ग सांगायचे. आई वाढत राहायची. हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

आमच्या मंडळीत नियम साधे होते. ज्यानं पापांची कबुली देऊन प्रभूचा स्वीकार केला आणि पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेतला, तो आत. बाकीचे बाहेर, आणि बाहेर म्हणजे अग्नीत. तान्हेपणी डोक्यावर शिंपडलेलं पाणी धरत नसत, त्यामुळे माझा चार पिढ्यांचा बाप्तिस्मा बाद ठरला. मला पुन्हा बुडवण्यात आलं, आडगावच्या पुढे एका विश्वासी बंधूंच्या शेततळ्यात. शेततळ्याला प्लास्टिक अंथरलेलं असतं आणि त्यावर शेवाळ धरतं. पास्टरांचा पाय घसरला आणि माझ्याआधी तेच बुडाले. तरी त्यांनी माझी मान सोडली नाही. एक हात मानेखाली, एक हात माझ्या जोडलेल्या हातांवर. वर आलो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि माझ्या नाकातून पाणी गळत होतं.

हसू येतं खरं, पण मी तेव्हा मनापासून घाबरलेला होतो. हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही. त्या हॉलमध्ये रविवारमागून रविवार आगीचं वर्णन ऐकलं की चांगला शिकलासवरलेला माणूसही अंबड नाक्यावर सिग्नलला उभा असताना विचार करतो की आत्ता ट्रकनं उडवलं तर आपण कुठे जाऊ. माझं एक बरं होतं, माझं सगळं घराणं निदान नावाचं तरी ख्रिस्ती होतं. काकांचं तसं नव्हतं. त्यांची आई बाहेर होती.

हेच काकांचं दुखणं. ते कुणाला सांगत नसत, पण माझ्यापाशी एकदा बोलले. गच्चीवरची टाकी धूत होतो दोघं. हातात ब्रश तसाच धरून म्हणाले, “ती ऐंशीच्या पुढे गेली. कधीही जाईल. आणि मी रोज नीट जेवतो, पेपर वाचतो. घराला आग लागली असती आणि आई आत असती तर मी पेपर वाचला असता का?”

मी पाईप धरून उभा राहिलो.

त्या काळातले काका शेजाऱ्यांना फार जड जायचे. दिवाळीत समोरच्या घरून फराळाचं ताट आलं की ते परत पाठवायचे, कारण ते आधी देवापुढे ठेवलेलं असणार. नुसतं परत पाठवलं असतं तरी चाललं असतं. ताटासोबत ते एक पत्रकही पाठवायचे, ‘तुम्ही आज रात्री मेलात तर?’ अशा मथळ्याचं. ऐन लक्ष्मीपूजनाला. काकू ताट परत देण्याआधी स्वयंपाकघरात दोन चकल्या काढून ठेवायच्या हे मला माहीत होतं, कारण त्यातली एक मला मिळायची.

मग एक दिवस पिंपळगावहून निरोप आला की आजींना एकदा गंगेवर आंघोळ करायची आहे. गंगा म्हणजे आपली गोदावरी आणि गंगेवर म्हणजे रामकुंडावर. धाकट्या मुलाची द्राक्षं काढणीला आलेली, त्याला सवड नव्हती. निरोप काकांना नव्हताच, काकूंना होता, कारण काका असल्या ठिकाणी पाय ठेवत नसत. पण काका काकूंच्या फोनमध्ये मध्येच तोंड घालून म्हणाले, “मी नेतो.”

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी दारूचा ग्लास मागितला होता.

गाडी माझी होती, म्हणून मीही गेलो. आजी दिसायला पाप्याचं पितर, पण आवाज सगळ्या रामकुंडाला पुरेल असा. “लय दिसांनी आले रं गंगेवर,” म्हणत त्या काकांचा हात धरून पायऱ्या उतरल्या. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, मग ती तशीच भिजू दिली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरले. मी कपड्यांची पिशवी सांभाळत पायरीवर. काकू माझ्या शेजारी, टॉवेल घेऊन.

आजींनी नाक धरलं. आणि काकांनी एक हात त्यांच्या मानेखाली घातला, दुसरा त्यांच्या हातांवर ठेवला.

“अरं, मी माझी बुडते ना! मान सोड की!” आजी ओरडल्या.

काकांनी सोडली नाही. त्यांचे ओठ हलत होते. तोंड आजींच्या कानापाशी. आजी एकदा बुडाल्या, वर आल्या, पुन्हा बुडाल्या. तीन वेळा. त्यांच्या हिशोबानं तीन डुबक्या, पुण्य मिळवायच्या. काकूंना काही कळलं नाही. मला कळलं. ती पकड मी ओळखली. शेततळ्यात माझीही मान तशीच धरली होती.

पाण्यातून वर आलेले काका मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. पंचवटीत त्यांनी आईला बांगड्या भरवल्या, स्वतः मिसळ खाल्ली, मला खायला लावली, गाडीत भजनं म्हटली. आजी मागच्या सीटवर समाधानानं पेंगत होत्या. पिंपळगावला त्यांना सोडताना काका दहा वर्षांनी तरुण दिसत होते. त्या दिवशी त्यांना कुणी काहीही मागितलं असतं तर त्यांनी दिलं असतं.

खरं म्हणजे ही गोष्ट त्यांनी पोटात ठेवायला हवी होती. पण आमच्या मंडळीत रविवारी साक्ष द्यायची पद्धत होती. देवानं या आठवड्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. बहुतेक लोक सर्दी बरी झाल्याचं सांगायचे. काका उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. रामकुंड, तीन डुबक्या, कानातली वाक्यं. “माझी आई आत आली,” ते म्हणाले.

पास्टर वाईट माणूस नव्हते. दक्षिणेकडून इथे येऊन मराठी शिकले होते, आजारी माणसाकडे सगळ्यांच्या आधी पोचायचे. ते हळूच म्हणाले, “ब्रदर, बाप्तिस्मा मागावा लागतो. तिने मागितला नाही. तिने पश्चात्ताप केला नाही. त्याला आंघोळ म्हणतात, ब्रदर.”

मागून कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

काका बसले नाहीत. “म्हणजे आई बाहेरच?”

“तिने स्वीकार केला नाही तर... हो.”

“आणि मी आत?”

“तुम्ही आत, ब्रदर. देवाची कृपा.”

“मग मी आत बसून काय करीन? मला माहीत असेल ना ती कुठे आहे?”

“तिथे दुःख नसतं, ब्रदर,” पास्टर म्हणाले.

काकांनी जरा वेळ घेतला. त्यांचा तो नेहमीचा, सही करण्याआधीचा वेळ. मग म्हणाले, “आई जळतेय आणि मला दुःख नाही? मग आत बसलेला तो माणूस मी नसणार, पास्टर. तो दुसराच कोणीतरी असेल. त्याला तुम्ही खुशाल न्या.”

आणि ते खाली बसले. मी ढोलकीवर हात ठेवून तसाच राहिलो. पुढचं गाणं कोणी सुरू करेना.

पिवळ्या चिठ्ठ्या बायबलमध्ये शिरल्या त्या यानंतर. आधी एखाददुसरी होती, पुढच्या काही महिन्यांत पुस्तक फुगून मिटेनासं झालं. आगीबद्दल काही आलं की पिवळी. अख्ख्याच्या अख्ख्या गावाचा नाश झाला की पिवळी. एखादी बाई, एखादं लेकरू दुसऱ्याच्या पापापायी मेलं की पिवळी. पास्टर घरी समजूत काढायला आले, काकूंच्या हातची भाकरी खाल्ली आणि मग ते फुगलेलं पुस्तक उघडून बघितलं.

“देवाच्या वचनाची चौकशी, ब्रदर?”

“नाकारलेलं नाही हो,” काका म्हणाले. “लाल एक तरी दिसते का बघा. पिवळ्या मालाला आम्ही सगळ्यात जास्त जपायचो. त्याचं काय करायचं ते ठरलेलं नसायचं ना.”

पास्टरांनी जाताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. दोन आठवड्यांनी काकांना व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढण्यात आलं. बंधू-भगिनींना सांगण्यात आलं की काही काळ संबंध ठेवू नका, त्यांच्या भल्यासाठी. ज्यांच्या घरच्या बारशापासून मयतापर्यंत काका पुढे असायचे, ती माणसं भाजी बाजारात त्यांना बघून मेथीच्या जुड्या निरखायला लागली. काकांना ते लागलं. फार लागलं. पण एवढंच म्हणाले, “बरं झालं. बाहेर कसं वाटतं ते कळलं. मी किती जणांना बाहेर उभं केलं होतं.”

मला त्यांनी सांगितलं, तू जात जा. मी थोडे दिवस गेलोही. पण दुसऱ्या रांगेतून उशिरानं येणारा तो आवाज नसल्यामुळे सगळ्यांच्या आमेनमध्ये माझंही कधी निघून जायचं ते मला कळायचं नाही. शिवाय काकांच्या स्कूटरवरून फुकट जायची सवय लागली होती. दोन्ही कारणं खरी आहेत. मी जायचं सोडलं.

यानंतरचं वर्ष म्हणजे ते उलट्या फेरीचं आणि मोठ्यानं बोलण्याचं वर्ष. काकांनी देवाला बरंच धारेवर धरलं. मला त्यांचा हेवा वाटायचा. मी भीतीपोटी देवाशी चांगला वागत होतो. ते त्याच्याशी घरच्या माणसासारखे भांडत होते. कोणी विचारायचं, “काय, येशूला सोडलंत म्हणे?” तर काका भडकायचे. “मी कशाला सोडू? मी त्याच्या नावानं लोकांना भ्या दाखवायचं सोडलं.” चिडले की त्यांच्या तोंडी गावाकडचं यायचं.

पुढे ते चिडायचेही कमी झाले. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या पार्किंगमध्ये चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायला लागले. काका, काकू, मी आणि गल्लीतल्या एक निवृत्त नर्सबाई. गाणं नाही, साक्ष नाही. काका एखादा उतारा वाचायचे आणि सगळे गप्प बसायचो. कुकरची शिट्टी झाली की काकू उठायच्या. शेवटी काकांची प्रार्थना; ती इतकी लहान असायची की मला पहिल्यांदा वाटलं ते विसरले. “आज पाणी आलं. नर्सबाईंचा पाय बरा आहे. आभार.” संपलं. कोणालाही वाचवायचं नसलं की प्रार्थना किती लहान होते ते मी तिथे पाहिलं. अधूनमधून आम्ही शहरातल्या जुन्या ख्रिस्ती देवळातही जायचो, माझ्या लहानपणीच्या संथ गीतांच्या पद्धतीच्या. काकांना ती गीतं भयंकर रटाळ वाटायची. तरी यायचे. “इथे कोणी घाई करत नाही,” म्हणायचे.

त्या वर्षी दिवाळीत समोरच्या घरून ताट आलं नाही. कसं येणार? काका स्वतः गेले, बेल वाजवली आणि म्हणाले, “फराळ मागायला आलोय. मागच्या सगळ्या वर्षांची चकली बाकी आहे.” समोरच्या वहिनी आधी घाबरल्याच, हातात पत्रक आहे का ते बघत होत्या.

पुढे आजी गेल्या. मी तोवर लग्न करून दुसरीकडे राहायला गेलो होतो, पण कळल्यावर पिंपळगावला गेलो. शेवटचे चार दिवस काका त्यांच्या उशाशी होते. त्या दिवसांत पास्टरांचा फोन आला होता म्हणे. इतक्या वर्षांनी, आणि मनापासून काळजीनं. अजून वेळ आहे ब्रदर, शुद्ध आहे तोवर तिच्याकडून वदवून घ्या, एक वाक्य पुरे. काकांनी ऐकून घेतलं. “पास्टर, मी तिला चमच्यानं पेज पाजतोय,” म्हणाले. “नंतर बोलू.” आणि फोन ठेवून दिला. धाकट्या भावानं आजींच्या तोंडात गंगाजळ घातलं, तुळशीचं पान ठेवलं, तेव्हा काका बाजूला झाले नाहीत, की त्यांनी तोंडही फिरवलं नाही. ते पाय चेपत बसले होते. मी भेटलो तेव्हा रडून डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर आईला गमावलेल्या माणसाचं दुःख होतं, तेवढंच. ज्या भीतीनं या माणसाला अर्धं आयुष्य पोखरलं होतं ती कुठे दिसेना.

काकूंना याचं नवल वाटलं. मला वाटलं नाही, कारण ती भीती गेली तो दिवस मी पाहिला होता. मी इंदिरानगर सोडण्याच्या थोडी आधीची गोष्ट. काका एका सकाळी वर आले आणि म्हणाले, “गाडी काढतोस का? आईला सांगून टाकतो.”

“काय?”

“रामकुंडाचं. मी तिच्याशी लबाडी केली. तिला न विचारता तिला आत ढकलायला गेलो. देवाशी भांडतो मी रोज, पण त्याच्याकडे बोट दाखवताना ही लबाडी मध्ये येते.”

आजी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मागच्या शेडमध्ये द्राक्षांचं पॅकिंग चाललं होतं, क्रेट आपटल्याचे आवाज येत होते. काका त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. मी खांबाला टेकून उभा. लांब जावं असं वाटलं, पण काकांनी नजरेनंच थांबवलं.

“आई, तुला गंगेवर नेलं होतं ना मी.”

“हां. त्याचं काय?”

“तेव्हा मी तुझा बाप्तिस्मा केला. तुला सांगितलं नाही. चोरून केला.”

आजींनी तांदळातला खडा उचलून अंगणात टाकला. “म्हंजी ते कानात पुटपुटत व्हता, ते?”

“तुला ऐकू आलं?”

“कानाला तोंड लावून बोललास, आन् ऐकू नाय येनार? मान तर आशी धरली व्हती, मला वाटलं पोरगं बुडिवतंय आता.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हनलं, करू दे. त्याच्या जिवाला बरं वाटत आसंल.”

काकांनी खाली मान घातली. “मला माफ कर. तुला विचारायला पाहिजे होतं.”

आजी सुपातले तांदूळ इकडून तिकडे करत राहिल्या. मग जरा ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, “मी तरी तुला कुठं इचारलं?”

“काय?”

“दर चैतात गडावर जाते ना. सप्तशृंगीला. तुझ्या नावचा नारळ येगळा फोडते.” आणि काकांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी घाईघाईनं पुढचं सांगून टाकलं. “देवीला सांगते, पोराला यायचं व्हतं, पन कंपनीतून रजा नाय मिळाली.”

“दर वर्षी?”

“मंग काय सांगू? पोरगं तुला मानीत नाय, आसं सांगू? तिला राग आला म्हंजी?”

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मलाही धाकधूक वाटली. मूर्तीपुढे, त्यांच्या नावानं, वर्षानुवर्षं. जुने काका असते तर उठून तोंड धुवायला गेले असते.

“आणि मी रिटायर झाल्यावर?” काकांनी विचारलं. “तेव्हा रजेचं काय सांगितलंस?”

“तवा सांगितलं, त्याचं गुडघं दुखत्यात. पायऱ्या चढवत नाय.”

काकांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. रोज ट्रॅकवर पाच फेऱ्या मारणारे ते गुडघे. आणि ते हसायला लागले. इतके हसले की धाकटा भाऊ हातात कात्री घेऊन शेडमधून बाहेर आला. आजीही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. कुठल्या क्षणी काका हसायचे थांबले आणि रडायला लागले ते मला सांगता येणार नाही. त्यांनी आजींच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं आणि सूप उलटून तांदूळ ओट्यावर सांडले होते.

“उठ आता,” आजी म्हणाल्या. “निवडलेलं सगळं सांडलं. जेवून जा.”

परतताना ओझर मागे पडलं होतं. महामार्गावर कांद्याचे टेम्पो होते, मी हळू चालवत होतो.

“ती माझ्यासाठी देवीशी खोटं बोलत होती,” काका म्हणाले. “देवीला भिते ती. तरी तिच्या तोंडावर खोटं. माझ्यावर कोप होऊ नये म्हणून.”

मी एका टेम्पोला पुढे जाऊ दिलं.

“आणि मी दर महिन्याला तिच्या हातचं जेवून तिला सांगायचो, माझा देव तुला दारात उभं करणार नाही.” ते खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे वळले. खरोखरच उत्तर हवं असल्यासारखे. “मला सांग, माझ्या देवाला माझ्या आईएवढं तरी मन असेल की नाही?”

“असेल, काका,” मी म्हणालो. पुढे टेम्पो होता, म्हणून मी समोर बघत राहिलो.